नकाशातली शेवटची आळी

…तर पाणी घाटाची एकेक पायरी गिळत वर येत होतं आणि खालच्या आळीची माणसं जागची हलेनात. काल इथंच जेवायची हाक आली आणि गोष्ट अर्धी राहिली. अर्धी गोष्ट उघडी टाकली की तिला मांजर तोंड लावतं, म्हणून आज तिथूनच उचलू.

पाणी म्हणजे खरं पाणी नव्हे. होळी नुकतीच झालेली, सायखेड्याला गोदावरीच्या पात्रात म्हशी बसाव्यात एवढंच पाणी. पण शाळेच्या भिंतीवर चादर ताणली होती, खिडक्यांना गोणपाटं लावून भरदुपारी अंधार केला होता, आणि त्या चादरीवर अख्खं सायखेडा उतरलं होतं. नदीचं वळण, पूल, घाट, साऱ्या आळ्या, टेकावरची शाळा. घरापुढे बोटभर माणसं उभी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं त्याचं नाव. समोर सतरंजीवर तीच माणसं खरीखुरी बसलेली. कॉम्प्युटरपाशी बहिरू टर्ले, वय पन्नाशीकडे झुकलेलं, कपाळावर घाम.

सुरुवातीला हशाच हशा होता. चिंचेच्या आळीतला केरू म्हणाला, "बहिरू, माझं पोट एवढं नाय रे."

"कमीच केलंय केरूआबा. खरं काढलं असतं तर रस्ता बंद झाला असता."

पहिला लोंढा आला. पडद्यावरच्या माणसांनी वाट धरली, शाळेत गेली. पाणी ओसरलं, माणसं परतली. दुसरा लोंढा, तसंच. मग लोंढ्यामागून लोंढे, कारण श्रावणात पाणी असंच येतं, चढतं, फसवून उतरतं, पुन्हा चढतं. आणि मग पडद्यावरचा हा खेळ हळू चालायला लागला. चित्र अडखळायला लागलं, जणू चिखलातून गाडी ओढावी. वरची आळी निघाली, मधली निघाली, चिंचेची निघाली. खालची आळी उभीच.

दारात उभ्या बाईच्या डोक्यावर नाव होतं धोंडाबाई. पाणी तिच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, डोक्यावरून गेलं. बाई दिसेनाशी झाली, पण नाव काही बुडालं नाही. ते पाण्यावर तसंच राहिलं. धोंडाबाई, पुंजा, शेजारचे, सगळ्या आळीची नावं पिवळ्या अक्षरात गढूळ पाण्यावर.

खरी धोंडाबाई पुढच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी गेले वाटतं."

आता हा बहिरू कोण, हे काल बसलेल्यांना ठाऊक आहे, आज नवं कुणी बसलं असेल त्याच्यासाठी सांगतो. बहिरूची आई तो रांगता असताना गेली. मावशीने, म्हणजे ह्याच धोंडाबाईने, त्याला आपल्या पुंजाबरोबर वाढवला. एका ताटात दोघं जेवले, एका फटक्यात दोघांनी मार खाल्ला. पुढे पुंजा शेतीत राहिला आणि बहिरू नाशकात गेला. पंचवटीत निमाणी बसस्टँडजवळ त्याने नेट कॅफे काढला. त्या काळात पोरं तासाच्या हिशेबाने येऊन एक लढाईचा खेळ खेळायची, किल्ले बांधा, खाणी खोदा, फौजा काढा. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि कॅफे ओस पडला. बहिरूने तिथं झेरॉक्सचं मशीन टाकलं, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला लागला. पोरं गेली, पण खेळ त्याच्यापाशी राहिला. त्या खेळाला एक एडिटर होता, त्यात आपल्याला हवी ती भूमी बनवता यायची. बाकीचे खेळायचे, हा मैदानं बनवायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नद्या वळवायचा, डोंगर उचलायचा. त्याची मैदानं परमुलखातली पोरं खेळायची, कधी आभारही लिहायची. बायको म्हणायची, "जगात तुम्हाला ओळखतात, गल्लीत दूधवाला ओळखत नाही."

गावातल्या तरुणांना हे कळलं. प्रत्येक पुरात खालची आळी उशिरा निघते, उंबऱ्याला पाणी लागल्याशिवाय हलत नाही, हे सायखेड्याचं जुनं दुखणं. पोरं बहिरूला म्हणाली, दादा, आपल्या गावाचंच मैदान करा, पूर दाखवा, कुठल्या आळीने कधी, कुठल्या वाटेनं निघायचं ते लोकांच्या डोळ्याला दिसू द्या. बहिरू हरखला. आळीआळीने घरं मोजून आला, उतार पाहून आला, आणि जीव ओतून मैदान केलं. त्याचं फळ हे असं, चादरीवर मावशी बुडाली.

त्या दिवसापासून खालच्या आळीत एक गार वारा शिरला. बायांनी कागदपत्रं, दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या अशी गाठोडी बांधून दाराच्या खुंटीला टांगली. एका घरची सोयरीक ठरत आली होती, पाहुणे म्हणाले, श्रावण जाऊ द्या मग बघू. लहान पोरं नदीकाठी खेळताना एकमेकांची नावं वाळूत लिहायची आणि पाणी ओतायची. मोठ्यांनी दोन-चारांना बडवलं, पण खेळ काही थांबला नाही.

आणि धोंडाबाई शांत. एवढी शांत की पुंजाला भीती वाटायला लागली. त्याने बहिरूला फोन केला. "आईने गाठोडं बांधलं नाय. म्हणते, लिहिलेलं हे ते होणार. पाणी आलं तर मला उठवू नका म्हणते. तुझ्या त्या खेळाचं काय ते बघ बाबा."

बहिरूने फोन ठेवला. मैदान त्याने बनवलं होतं, नशीब नव्हे. पण मावशीने त्याचं नशीब करून टाकलं होतं, आणि आता मैदानातला दोष सापडला नाही तर श्रावणात ती खरोखर उंबऱ्यात बसून राहणार होती.

तो कामाला लागला. आधी त्याला वाटलं, उतार चुकला असेल, खालची आळी लांब पडत असेल. पण नव्हती पडत. मग त्याने आळ्यांचा क्रम, जो गावात मोजतात तसा वरून खाली लावला होता, तो बदलून पाहिला. खालची आळी पहिली, चिंचेची शेवटी. चालवून पाहिलं तर धोंडाबाई टुणटुणीत शाळेत पोचली. बहिरूला एवढा आनंद झाला की त्याने नीट पुढे पाहिलंच नाही, तसाच कॉम्प्युटर काखोटीला मारून बस पकडून सायखेड्याला गेला, चादर ताणली, लोक गोळा केले.

लोंढ्यामागून लोंढे गेले. खेळ पुन्हा चिखलात रुतला. खालची आळी निघून गेली होती, आणि चिंचेची आळी दारात उभी. पाणी चढलं, आणि केरूचं नाव पाण्यावर तरंगायला लागलं.

केरू उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "वा रे टर्ल्या. मावशीचं मरण उचललं आन आमच्या दारात आणून ठेवलं व्हय?"

"केरूआबा, तसं नाही, क्रमाचा काहीतरी…"

"क्रम तूच लावतो ना? मग?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली, शेवटी कोण, शेवटी कुणाला ठेवणार. उद्या मधल्या आळीला ठेवील, परवा वरच्या. मरण असं चादरीवर फिरवत ठेवणारा माणूस गावाला नको होता. लोक त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करू लागले.

त्या दुपारी धोंडाबाईने त्याला जेवायला वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत. तो खाली मान घालून खात होता.

"बहिरू, मला पुन्यांदा शेवटी लाव."

"मावशी…"

"माझं मरण दुसऱ्याच्या दारात नको. केरूच्या सुनेला दिवस गेलेत. मी काय, पिकलं पान हे."

"अगं खेळ आहे तो."

"खेळ हे, तर मग तुझा घास का अडकतो?"

बहिरूने परत येऊन क्रम पूर्वीसारखा केला. आणि मग त्याला दुकानात बसवेना. झेरॉक्सच्या मशीनचा उजेड काचेखालून सरकला की त्याला पाणी सरकल्यासारखं वाटायचं. क्रम कसाही लावा, बुडतो तो शेवटचा. म्हणजे खोट आळीत नव्हती, शेवटी असण्यात होती. पण का? थोडेच लोंढे सोडले तर खेळ चांगला चालत होता. लांब चालला की दम लागत होता. काहीतरी आत साचत होतं, आणि ते काय साचतंय ते त्याला दिसत नव्हतं.

ह्या एडिटरची रीत समजून घ्या, अवघड नाही. खेळाला काही लक्षात ठेवायला सांगायचं तर एक डबा द्यायचा आणि त्यावर नाव घालायचं. ह्या डब्यालाच व्हेरिएबल म्हणतात. पाण्याची उंची एका डब्यात, लोंढा कितवा ते एका डब्यात. माणसांना कुठं पाठवायचं ती जागा एका डब्यात. बहिरू धोंडाबाईच्या स्वयंपाकघरात वाढलेला, तिथं एकच पातेलं घासून घासून भाजीला, आमटीला, दुधाला. त्यानेही सगळ्या आळ्यांसाठी एकच डबा ठेवला होता, त्याचं नाव 'जागा'. वरच्या आळीची पाळी आली की 'जागा' म्हणजे तिची जागा, तिला हुकूम सोडायचा. मग मधलीची पाळी, 'जागा' म्हणजे मधलीची. अशी पाळीपाळीने सगळ्यांना उठवायचं, आणि शेवटच्या आळीनंतर डब्यातलं पुसून टाकायचं. त्याला ह्यात काहीच खोट दिसेना. दहा वेळा वाचलं, दहा वेळा बरोबर वाटलं. आपलीच चूक वाचताना डोळा तिच्यावरून असा सरळ जातो, जसा आपल्याच घराच्या वासावरून नाक जातं.

कालव्याला उन्हाळ्याचं पाणी सुटलं तेव्हा तो पुन्हा सायखेड्याला गेला. मावशीला समजावून बघू, एवढंच मनात. घरी ती ऐकेना, म्हणून तो शेतावर पुंजाकडे गेला. पुंजा बांधावर भाकरी सोडून बसला होता.

"फावडं घे," पुंजा म्हणाला. "केरूची पाळी संपत आली. आपलं दार धर. हात विसरला नसशील तर."

हात विसरला नव्हता. बहिरूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चारीत, म्हणजे कालव्यातून शेताला येणाऱ्या पाटात, उतरला. आधी पुंजाच्या वावराचं तोंड फावड्याने उघडलं, पाणी आत वळलं, आणि मग मागे जाऊन केरूच्या वावराचं तोंड चिखलाने बुजवलं. ह्या चारीवरची ही बापजाद्यांची रीत. आपलं दार आपण बुजवायचं नाही, कारण पुढच्याने उघडायच्या आत बुजवलं तर पाणी चढून चारीच फुटते. पुढचा येतो, आपलं उघडतो, मागच्याचं बुजवतो. फक्त सगळ्यात शेवटचा असतो, त्याच्या पुढे कुणी नसतं, तो आपलं आपण बंद करून घरी जातो.

पाळी संपली तसा पुंजाने टॉवेल झटकला आणि घराकडे निघाला. इतकी वर्षं शहरात राहिलेला बहिरू सहज बोलून गेला, "अरे, आपलं दार तसंच उघडं राहिलं ना."

"ऱ्हाऊ दे. पुढचा येईल तो बुजवील. आपलं आपण कधी बुजवतो का? नाशिकचं पाणी लागलं तुला."

बहिरू दोन पावलं चालला आणि थांबला. पायाखालचा चिखल त्याला गार लागला.

हेच त्याने एडिटरात केलं होतं. वरच्या आळीची जागा काढली, वापरली, बुजवली नाही. 'जागा' हे नाव पुढच्या आळीला दिलं आणि त्याच्या मनाने धरलं, की पुढचीने नाव घेतलं म्हणजे मागचीचं दार बुजलं. शेवटच्याचं तेवढं आठवणीने बुजवलं, कारण शेवटच्याने बुजवायचंच असतं. पण मशीनच्या पोटात मागचं बुजवायला फावडं घेऊन कुणी येत नाही. मशीन दर पाळीला नवी जागा काढतं, नाव तेवढं तिला मिळतं, आणि मागची जागा उघडीच राहते, मेमरीत म्हणजे मशीनच्या आठवणीत पडून, आणि आता तिला नावही नसतं. नाव नसलेलं दार बुजवायचं म्हटलं तरी कुणाला हाक मारून बुजवणार? दर लोंढ्याला, दर आळीला असं एकेक उघडं दार. लोंढे वाढले की अख्खं वावर चिबडलं. मग खेळाला धाप लागायची, हुकूम रखडत जायचे, आणि जिची पाळी शेवटी तिच्यापर्यंत हुकूम पोचायच्या आत पाणी पोचायचं.

"पुंजा," तो म्हणाला, "मावशीला मी बुडवलं रे. मी आणि ह्या चारीने."

पुंजाला ह्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "ऊन लागलं तुला. चल, ताक पी."

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. प्रत्येक आळीला हुकूम सोडला की तिची जागा तिथल्या तिथं पुसायची, आणि मगच नाव पुढे द्यायचं. ज्याचं दार त्याने बुजवायचं. बहिरूने ती ओळ घातली, मैदान दिवसभर चालवलं, लोंढ्यावर लोंढे सोडले. खेळ लोण्यासारखा चालला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुन्हा चादर ताणली गेली. केरू अगदी पुढे येऊन बसला, हाताची घडी घालून. पाणी चढलं, उतरलं, चढलं. प्रत्येक वेळी चारही आळ्या निघाल्या, आणि शेवटी धोंडाबाई पदर सावरत टेक चढून ठुमकत शाळेत पोचली. पाण्यावर एकही नाव उरलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. केरूने बहिरूच्या पाठीवर थाप मारली. "आता माझं पोट तेवढं कमी कर, म्हंजी झालं."

बहिरूला वाटलं, सुटलो. त्या दिवशी पुरणपोळी त्याला गोड लागली.

आणि गोष्ट इथंच संपती तर किती बरं होतं. पण परतीच्या बसला निघताना तो खालच्या आळीतून चालला, आणि त्याची पावलं मंदावली. दारांच्या खुंट्या मोकळ्या होत्या. एका अंगणात गाठोड्यातली लुगडी धुऊन दोरीवर वाळत घातलेली. एक म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "बरं झालं बहिरू, जीवाला घोर होता. आता कसं, शेवटच्या लोंढ्यालाबी पोचतो आपण. घाई नाय."

बहिरूने मावशीच्या दाराकडे पाहिलं. तिची खुंटी आधीही मोकळी होती, आताही मोकळीच. फरक एवढाच, की आधी ती मरायला बसली होती आणि आता निवांत बसली होती. खेळ बिघडला होता तेव्हा आळी तरी जागी होती. तो माघारी वळून सांगणार होता, गाठोडी सोडू नका. पण काय म्हणून सांगणार? नुकतंच त्यानेच तर दाखवलं होतं, की सगळे पोचतात.

श्रावण लागला. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस धरून बसला, गंगापूर धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली. पंचवटीतली माणसं पूर आकड्यांत मोजत नाहीत, नदीपात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. सकाळी बहिरूने दुकान उघडलं तेव्हा मारुतीच्या गुडघ्याला पाणी होतं. चहा पिऊन आला तर कमरेला. झेरॉक्सला आलेला माणूस म्हणाला, "छातीला लागलं बघा." बहिरूने त्याचे कागद तसेच काचेवर ठेवले आणि शटर ओढलं.

मारुतीच्या छातीचं पाणी सायखेड्याला जायला फार वेळ घेत नाही. त्याने पुंजाला फोन लावला. पुंजा गुरं वर हाकत होता. धापा टाकत म्हणाला, "आई घरीच हे. आळीतले निम्मे घरीच हेत. म्हणतात पहिला लोंढा हे, उतरंल. मी गुरं लावून जातो तिकडं." आणि फोन तुटला.

बहिरूने शेजारच्या पानवाल्याची मोटारसायकल मागून घेतली. रस्ताभर नदी डाव्या-उजव्या हाताला दिसायची आणि दर वेळी आधीपेक्षा जवळ. गावात शिरताना ग्रामपंचायतीचा भोंगा वाजत होता. वरच्या आळीची, मधल्या आळीची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन शाळेकडे चालली होती. केरू सुनेला हाताला धरून चालवत होता. बहिरूला बघून तो थांबला नाही, नुसती मान खालच्या आळीकडे हलवली.

खालच्या आळीत पाणी अजून आलं नव्हतं. आला होता तो नुसता वास, गाळाचा आणि कुजलेल्या पाल्याचा, आणि घाटाकडून एक घरघर, जात्यासारखी. ओट्यांवर माणसं बसलेली. कुणी तंबाखू मळत होतं. बहिरू ओरडत गेला, उठा, निघा. काही उठले, काहींनी नदीकडे मान करून पाहिलं आणि पुन्हा बसले.

धोंडाबाई उंबऱ्यात बसली होती. चुलीवर चहा ठेवलेला. अंगणाच्या कडेने गढूळ पाण्याची एक जीभ येऊन तुळशीपाशी थांबली होती.

"आला व्हय रे," ती म्हणाली. "भिजलास. बस, चहा घे. हा पहिलाच लोंढा हे."

"मावशी, चल."

"जाऊ की. घाई काय हे? तूच दाखवलं ना पडद्यावर, किती लोंढे आले, किती गेले, दर वेळंला धोंडाबाई पोचली शाळेत. पोचली का नाय, सांग."

पाण्याची जीभ तुळशीला वळसा घालून पहिल्या पायरीला लागली. बहिरूने चुलीवरचं पातेलं उतरवलं, विस्तव पायाने विझवला आणि तिच्यापुढे चपला ठेवल्या.

"पोचली मावशी. पण पडद्यावरची धोंडाबाई सांगितल्याबरोबर उठली, म्हून पोचली. तू अजून बसलीच हे."